सरासरीत न मावणारी बाळं

पुण्याजवळच्या सहा गावांतली ६३१ बाळं आणि इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन शहरातली ३३८ बाळं. सगळी पुऱ्या दिवसांची. आपल्याकडच्या बाळाचं सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्या बाळाचं ३.५ किलो. एवढ्यावरच कोणी थांबलं असतं तर निष्कर्ष तयारच होता: आया अर्धपोटी, म्हणून बाळं लहानखुरी. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी वजनाच्या आकड्याशी थांबले नाहीत. जन्मल्यापासून ७२ तासांच्या आत प्रत्येक बाळाची लांबी घेतली गेली, डोक्याचा, दंडाचा आणि पोटाचा घेर मोजला गेला, आणि कॅलिपरच्या चिमटीत दंडामागची व खवाट्याखालची त्वचेची घडी धरून तिची जाडी नोंदवली गेली. ती जाडी म्हणजे त्वचेखालच्या चरबीचा अंदाज.

मापं हाती आली, पण तुलना कशी करायची? डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये आणि चरबीची घडी मिलिमीटरमध्ये. डोकं किती लहान आणि चरबी किती कमी, हे एकाच काट्यावर तोलता येत नाही. इथे संख्याशास्त्र मदतीला आलं. साउथहॅम्प्टनची बाळंही काही एकसारखी नसतात. त्यांच्यातही कोणी लांब, कोणी आखूड, कोणी गुटगुटीत. त्यांच्या आपापसांतल्या या फरकाचं एक ठरावीक माप काढता येतं, त्याला प्रमाण विचलन म्हणतात. तेच एकक धरलं की प्रत्येक मापातली तूट एकाच भाषेत सांगता येते. तशी ती सांगितल्यावर दिसलं ते असं: पुण्याच्या बाळाच्या पोटाचा घेर २.३८ विचलनांनी कमी, दंडाचा १.८२ ने, डोक्याचा १.४२ ने, लांबी १.०१ ने. आणि खवाट्याखालची चरबी फक्त ०.५३ ने.

म्हणजे आपलं बाळ हे तिकडच्या बाळाची छोटी प्रतिकृती नव्हतं. त्याचे स्नायू आणि पोटातले अवयव मोठ्या प्रमाणात घटले होते, आणि चरबी जवळजवळ शाबूत होती. २००३ साली हा निबंध प्रसिद्ध झाला आणि ‘थिन-फॅट बेबी’ हे नाव जगभरच्या वैद्यकीय वर्तुळांत रुळलं. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र छापून आलं. उंचीच्या मानाने वजन सांगणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. मोजल्यावर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. जगभर लठ्ठपणा ठरवण्यासाठी वापरला जाणारा आकडा दोघांना अगदी सारखं ठरवत होता.

हे सगळं फक्त मधुमेहाच्या तज्ज्ञांपुरतं आहे, असं मी मानत नाही. माणसाच्या अन्नाविषयी, भुकेविषयी, वारशाविषयी सरासरीच्या आधारे बोलण्याची आपल्याला इतकी सवय आहे, की सरासरीभोवतीचा पसारा किती मोठा आहे, कोण त्यात कुठे आहे आणि त्याची किंमत कोण मोजतंय, हे विचारायचं राहून जातं. महाराष्ट्रात हा प्रश्न विचारण्याची एक जुनी आणि भांडणांनी भरलेली परंपरा आहे. पुण्याच्या बाळांपर्यंतची वाट तिच्यातूनच जाते.

सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे फर्ग्युसन कॉलेजातून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले, तेव्हा रोनाल्ड फिशर, जेर्झी नेमन आणि इगॉन पिअरसन हे आधुनिक संख्याशास्त्राचे तिन्ही शिल्पकार तिथेच होते. परत आल्यावर सुखात्म्यांनी शेतातल्या पिकाचा अंदाज नमुना पाहणीतून कसा काढायचा, या कामात स्वतःला गाडून घेतलं. विनायक पानसे यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेलं शेतीसाठीच्या संख्याशास्त्राचं पुस्तक कृषी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी ‘पानसे-सुखात्मे’ या नावानेच ओळखलं. पुढे ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले.

त्या काळी, याच संघटनेचे पहिले महासंचालक जॉन बॉइड ऑर यांच्या विधानामुळे, जगातली दोनतृतीयांश माणसं भुकेली आहेत असं सर्रास म्हटलं जाई. १९६१ साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे निबंध वाचताना सुखात्म्यांनी हिशोब नव्याने मांडला. देशाचं सरासरी अन्न माणसाच्या सरासरी गरजेपेक्षा कमी पडलं, तर सगळा देश भुकेला ठरत नाही. गरज आणि आहार दोन्ही माणसागणिक बदलतात, त्या दोन्हींचा पसारा हिशोबात घ्यावा लागतो. तो घेतल्यावर प्रत्यक्ष उपासमार होणाऱ्यांचं प्रमाण १० ते १५ टक्के निघालं. निकृष्ट आहारामुळे कुपोषित राहणारे लोक त्याहून कितीतरी जास्त होते.

निवृत्तीनंतर ते पुण्यात येऊन महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये काम करू लागले, आणि इथे त्यांची गाठ पडली अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांशी. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याची रेषा ओढताना दरडोई २२५० उष्मांकांचा आधार घेतला होता. सुखात्म्यांचं म्हणणं असं, की हा आकडा सरासरी गरजेचा आहे, किमान गरजेचा नव्हे. निरोगी माणसांपैकी निम्मी माणसं सरासरीच्या खालीच असतात, त्यांना उपाशी कसं म्हणणार? शिवाय तोच माणूस या आठवड्यात कमी खातो, पुढच्या आठवड्यात जास्त, आणि शरीर तेवढं सांभाळून घेतं. म्हणून रेषा सरासरीच्या दोन विचलनं खाली हवी. दांडेकरांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त त्याला सविस्तर उत्तर दिलं. दोघंही मराठी, दोघंही संख्याशास्त्रात मुरलेले, दोघंही पुण्यात. आणि वाद कोट्यवधी माणसांच्या ताटातल्या भाकरीचा.

या वादात फरकाकडे पाहण्याचा सुखात्म्यांचा आग्रह मला पूर्णपणे पटतो. पण शरीर कमी अन्नाशी जुळवून घेतं, या विधानापुढे ‘कशाच्या बदल्यात’ हा प्रश्न यायला हवा होता. ऐंशीच्या दशकात डेव्हिड सेक्लर या अर्थशास्त्रज्ञाने याच विचाराला आणखी ताणून ‘लहान पण निरोगी’ अशी कल्पना मांडली: गरीब देशांतली ठेंगणी, हलकी माणसं लहान असली तरी धडधाकट आहेत. डॉ. सी. गोपालन यांच्यासारख्या पोषणतज्ज्ञांनी तिच्यावर कडाडून टीका केली. ज्या बाळांच्या पोटाचा घेर २.३८ विचलनांनी आटला आहे आणि चरबी टिकून आहे, ती बाळं या वादातला सर्वांत भक्कम पुरावा आहेत. शरीराने जुळवून घेतलं होतं, पण काय ठेवायचं आणि काय सोडायचं याची निवड करून.

१९९० च्या दशकाच्या मध्यात सहा गावांत सुरू झालेला हा प्रकल्प ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ या नावाने ओळखला जातो. त्यामागचा एक धागा इंग्लंडमधून आला होता. साउथहॅम्प्टनच्या डेव्हिड बार्करांनी हर्टफर्डशरमधल्या आरोग्यसेविकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून शाईने लिहून ठेवलेली बाळांच्या वजनाची जुनी बाडं शोधून काढली, आणि ती बाळं मोठेपणी कशाने गेली हे तपासलं. जन्मतः आणि वर्षाची असताना हलकी असलेली मुलं पुढे हृदयविकाराने जास्त प्रमाणात गेली होती. पुण्यात मात्र जुन्या वह्यांवर अवलंबून राहण्याऐवजी गर्भधारणेच्या आधीपासून नोंदी करायच्या असं ठरलं. गावांतल्या सुमारे अडीच हजार विवाहित स्त्रियांच्या घरी कार्यकर्त्या दर महिन्याला जाऊन पाळीची तारीख विचारत. पाळी चुकली की सोनोग्राफी. मग अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात आहाराची चौकशी, रक्ताची तपासणी. दिवस किती भरले हे नक्की माहीत नसेल, तर बाळ लहान आहे की लवकर आलं आहे हे सांगताच येत नाही. दर महिन्याच्या त्या फेऱ्यांनी पुढच्या साऱ्या गणिताला पाया दिला, आणि या कामाचं श्रेय शोधनिबंधांच्या लेखकांच्या यादीत नेहमी दिसत नाही.

गर्भवतींचं सरासरी वजन होतं ४१.७ किलो, उंची १५२ सेंटिमीटर. अठराव्या आठवड्यात दिवसाला साधारण १७७० उष्मांक आणि ४५ ग्रॅम प्रथिनं पोटात जात. हे आकडे पाहिल्यावर कोणीही म्हणेल की जी बाई जास्त खाईल, तिचं बाळ मोठं होईल. आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांच्या नावाने २००१ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात ७९७ गर्भवतींच्या नोंदी होत्या, आणि त्यात उष्मांक किंवा प्रथिनांचा बाळाच्या आकाराशी संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो दुधाशी, पालेभाज्यांशी आणि फळांशी. आईच्या रक्तातलं फोलेट जास्त, तर बाळ वजनदार. याच अभ्यासातून हेही दिसलं की ज्या बायकांना गर्भारपणातही कष्टाची कामं जास्त पडत, विहिरीवरून पाणी आणणं हे त्यातलं एक, त्यांची बाळं हलकी होती. आहाराच्या चर्चेत पाण्याचा हंडा सहसा मोजला जात नाही. या अभ्यासाने तो मोजला.

मुलं सहा वर्षांची झाल्यावर चित्र आणखी गुंतागुंतीचं झालं. २००८ सालच्या निबंधात दिसलं, की दोनतृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, आणि फोलेटची कमतरता मात्र एकीतच होती. बी-१२ दूध, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळतं. फोलेट पालेभाजीतून मिळतं, शिवाय सरकारी लोहाच्या गोळीत ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिड असायचंच. ज्यांच्या आईचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी, त्या मुलांमध्ये इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त होतं. हे वाचून कोणी गरोदर बाईने फोलिक अॅसिड सोडू नये. मेंदू आणि मज्जारज्जूतली जन्मजात व्यंगं त्याने टळतात, हे १९९१ साली मोठ्या चाचणीतून सिद्ध झालं आहे. पुण्याचा निष्कर्ष दोन जीवनसत्त्वांच्या तोलाविषयी आहे, आणि दोन्ही एकत्र मोजल्याशिवाय तो हाती आलाच नसता.

आता हरकतीचा मुद्दा. जिच्या घरी दूध आणि फळं येतात, तिच्या घरी बहुधा पैसाही थोडा जास्त असतो, विश्रांती मिळते, सासू बोलत नाही. मग बाळ दुधाने वाढलं की या बाकीच्या गोष्टींनी? संख्याशास्त्र शिक्षण, जमीन, वय, बाळंतपणांची संख्या यांचा प्रभाव गणिताने वजा करू शकतं. पण जे मोजलंच नाही, ते वजा करता येत नाही. नुसतं निरीक्षण करणाऱ्या प्रत्येक पोषण संशोधनाला हा प्रश्न छळतो, आणि ‘अमुक खा, तमुक टळेल’ छापाच्या बातम्या वाचताना तो मनात ठेवायला हवा.

त्यातून बाहेर पडण्याची एक वाट जनुकांतून जाते. आईबापांकडून कोणती जनुकं मिळणार हे गर्भधारणेच्या क्षणी ठरतं, जणू चिठ्ठ्या टाकून. चिठ्ठी उचलताना घरची जमीन किंवा दुभतं विचारलं जात नाही. एमटीएचएफआर नावाच्या जनुकाचा एक पर्याय असा आहे, की तो असलेल्या माणसाच्या रक्तात होमोसिस्टीन नावाचं द्रव्य वाढतं. बी-१२ आणि फोलेट कमी पडलं तरीही तेच वाढतं. मग ज्या आयांना हा पर्याय निव्वळ योगायोगाने मिळाला, त्यांची बाळंही हलकी आहेत का? पुणे आणि म्हैसूरच्या अशा दोन गटांवर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या प्रश्नाला होकारार्थी उत्तर दिलं. एक अडचण मात्र संशोधकांना सोडवावी लागली: आईची निम्मी जनुकं बाळातही उतरतात, म्हणून परिणाम आईच्या रक्ताचा की बाळाच्या स्वतःच्या जनुकाचा हे वेगळं काढावं लागतं. बाळाचं जनुक हिशोबात धरूनही आईच्या जनुकाचा संबंध टिकला.

जनुकांच्या संशोधनात आकडा फसवण्याची शक्यता मोठी आहे. माणसाच्या जनुकसंचातल्या दहा लाख जागा एकामागून एक तपासल्या आणि नेहमीची पाच टक्क्यांची मर्यादा लावली, तर काहीही संबंध नसताना पन्नास हजार जागा दोषी ठरतील. म्हणून या क्षेत्राने मर्यादा दहा कोटींत पाच इतकी खाली आणली. दुसरी अडचण अशी, की हे बहुतेक काम युरोपीय वंशाच्या लोकांवर झालं. एफटीओ या जनुकाचंच पाहा. २००७ साली युरोपात दिसलं, की ते जनुक माणसाला आधी लठ्ठ करतं आणि त्यातून मधुमेह येतो. बीएमआयचा प्रभाव वजा केला की मधुमेहाशी असलेला संबंध नाहीसा होतो. २००९ साली याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी भारतीय रुग्णांत तपासलं, तर बीएमआय वजा करूनही संबंध उरला. ज्यांच्या शरीरातली चरबी बीएमआयमध्ये दिसतच नाही, त्यांच्याबाबतीत हे अनपेक्षित म्हणता येणार नाही. टाइप १ मधुमेह ओळखण्यासाठी युरोपीय माहितीवर बेतलेला जनुकीय गुणांक पुण्यातल्या रुग्णांवर २०२० साली वापरून पाहिला गेला. तो उपयोगी ठरला, पण युरोपात ०.८७ असलेली त्याची अचूकता इथे ०.८४ वर आली. आपल्या लोकांची माहिती गोळा केल्याशिवाय ही तूट भरून निघणार नाही.

तरीही जनुकाचा पुरावा हा आडवळणाचा पुरावा. सरळ वाट एकच: खरोखर चिठ्ठ्या टाकायच्या आणि अर्ध्या बायकांना पालेभाजी, फळं, दूध द्यायचं. मुंबईच्या वस्त्यांत हेच झालं. सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल चेंजचे डॉ. रमेश पोतदार आणि साउथहॅम्प्टनच्या कॅरोलिन फॉल यांच्या पुढाकाराने मूल होण्याच्या वयातल्या ६५१३ स्त्रियांची दोन गटांत यादृच्छिक विभागणी झाली. एका गटाला पालेभाज्या, फळं आणि दुधापासून केलेले समोशा-कटलेटसारखे पदार्थ रोज मिळाले, दुसऱ्याला बटाटा-कांद्यासारख्या कमी पोषक भाज्यांचे. पदार्थ केंद्रावर येऊन, कार्यकर्तीसमोर खायचा. आणि हे गर्भ राहण्याच्या आधीपासून.

निकाल २०१४ साली आला. वजन मोजता आलेल्या १३६० बाळांत पोषक पदार्थ खाणाऱ्या गटाची बाळं सरासरी २६ ग्रॅमने जड. पण या अंदाजाची विश्वासमर्यादा उणे १५ ते अधिक ६८ ग्रॅम, म्हणजे शून्यही त्यात बसतं. परिणाम नाही, असं म्हणून अहवाल मिटता आला असता. संशोधकांनी मग फक्त त्या स्त्रिया पाहिल्या, ज्यांनी गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून पदार्थ खाल्ले होते. तिथे फरक ४८ ग्रॅम, मर्यादा १ ते ९६. हा आकडा जेमतेम शून्याच्या वर आहे आणि त्याचा ढोल बडवणं योग्य नाही. पण जीवशास्त्राशी तो जुळतो. गर्भाचे अवयव पहिल्या काही आठवड्यांत आकाराला येतात, बहुतेक बायकांना दिवस गेल्याचं कळण्याच्या सुमारास. त्याच चाचणीत गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण कमी पोषक पदार्थांच्या गटात १२.४ टक्के आणि पोषक गटात ७.३ टक्के होतं. हा निकाल मला वजनापेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

सगळ्यांत अस्वस्थ करणारा आकडा पुढचाच. गर्भ राहण्याआधीच्या बीएमआयप्रमाणे स्त्रियांचे तीन भाग केले, तेव्हा सगळ्यांत भरलेल्या अंगाच्या स्त्रियांच्या बाळांचं वजन ९६ ग्रॅमने वाढलेलं दिसलं, मधल्यांचं ३४ ग्रॅमने, आणि बीएमआय १८.६ पेक्षा कमी असलेल्या सगळ्यांत कृश स्त्रियांच्या बाळांचं वजन वाढलंच नाही. उलट ते २३ ग्रॅमने कमी भरलं. पोटगटांत असे फरक योगायोगानेही दिसतात, म्हणून इथे वेगळी कसोटी लावावी लागते. तिच्या निकालानुसार असा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात एक इतकीच होती. कदाचित कृश शरीर मिळालेलं पोषण आधी स्वतःसाठी वापरतं. कदाचित त्यांना जीवनसत्त्वांच्या जोडीला भरपूर उष्मांकही हवे असतात. सरासरी २६ ग्रॅम एवढंच सांगितलं असतं, तर ज्यांच्यासाठी ही सगळी खटपट होती, त्याच बायकांना काही मिळालं नाही हे झाकलं गेलं असतं.

सहा गावांतली ती बाळं आता तिशीत पोचली आहेत. अठराव्या वर्षी त्यांतल्या ६१९ जणांची तपासणी झाली. मुलांपैकी ३७ टक्क्यांची आणि मुलींपैकी १८ टक्क्यांची साखर सामान्य मर्यादेपेक्षा वर निघाली, आणि याच तरुणांपैकी ४८ टक्के जणांचं वजन बीएमआयच्या हिशोबाने कमी होतं. याच मुलामुलींना घेऊन २०१२ पासून एक चाचणी झाली: एका गटाला रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२, दुसऱ्याला त्याच्या जोडीला इतर सूक्ष्म पोषकद्रव्यं, आणि तिसऱ्याला औषध नसलेली गोळी, पहिलं मूल होईपर्यंत. नुसतं बी-१२ मिळालेल्या मुलींची बाळं दोन वर्षांची असताना आकलन आणि भाषेच्या कसोट्यांत सरस ठरली. तपासलेली बाळं थोडी होती, म्हणून हा निकाल आणखी मोठ्या गटात पडताळायला हवा.

आपल्या बहुतेक आहार योजना गर्भवती म्हणून नाव नोंदल्यावर सुरू होतात. मुंबईच्या आकड्यांत जो थोडाफार परिणाम दिसला, तो गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधी सुरुवात केलेल्या बायकांत दिसला, आणि सर्वांत कृश बायकांत तिथेही नाही. शाळा सुटलेल्या, लग्न न झालेल्या, चाळीस किलोच्या मुलीचं नाव कुठल्या वहीत आहे? तिला काय द्यायचं, कोणत्या वयापासून आणि किती वर्षं, हे ठरवणारी पुढची मोठी चाचणी तिलाच मध्यभागी ठेवून आखायला हवी.